ईईजी : निम्मं काम टेप आणि पेस्टचं

फिट येऊन गेली की एमआरआयच्या जोडीला ईईजी, म्हणजे डोक्याला वायरी चिकटवून घेतलेला मेंदूतल्या विजेचा आलेख, लिहून दिला जातो. एमआरआयचं लोकांना कळतं, त्यात फोटो असतो. ईईजीच्या त्या वायरी मात्र नेमकं काय पकडतात आणि काय पकडूच शकत नाहीत, हे रुग्णाला सोडाच, नव्यानं लागलेल्या टेक्निशियनलाही पुष्कळदा कुणी धड सांगितलेलं नसतं. ते एकदा समजलं की डोकं टेपनं का मोजायचं, केसांना तेल का चालत नाही आणि ‘नॉर्मल’ रिपोर्ट हातात असूनही डॉक्टर गोळ्या का चालू ठेवतात, या सगळ्याची संगती लागते.

मोठ्या मेंदूवर राखाडी रंगाची जी साल असते ती कॉर्टेक्स. जाडी जेमतेम २ ते ४ मिलिमीटर. या सालीत पिरॅमिडसारख्या आकाराच्या पेशी असतात. त्यांचा लांब दांडा सालीच्या पृष्ठभागाशी काटकोन करून उभा असतो, आणि शेजारशेजारच्या सगळ्या पेशी अशाच एका दिशेनं उभ्या असतात. दुसऱ्या पेशींकडून संदेश आला की दांड्याच्या एका टोकाचा विद्युतदाब दुसऱ्या टोकाच्या मानानं बदलतो. हा बदल दहा-वीस मिलिसेकंद किंवा त्याहूनही जास्त टिकतो, त्यामुळे हजारो पेशींचे बदल एकमेकांवर चढून त्यांची बेरीज होते. ईईजीत दिसते ती ही बेरीज. पेशी ‘फायर’ होते तेव्हाचा झटका फक्त १-२ मिलिसेकंदांचा असतो. इतक्या थोडक्या वेळात शेजारणींचे झटके जुळून येत नाहीत, म्हणून तो कवटीबाहेर पोचतच नाही.

पोचतो तो संदेशही फार क्षीण असतो. डोक्याच्या कातडीवर साधारण १० ते १०० मायक्रोव्होल्ट. ईसीजीत हृदयाची लाट एक मिलिव्होल्टच्या आसपास असते, म्हणजे दहापट ते शंभरपट मोठी. मेंदू आणि इलेक्ट्रोड (वायरीच्या टोकाची धातूची वाटी) यांच्यामध्ये पाणी, आवरणं, हाड आणि कातडी एवढे थर येतात. त्यातलं हाड सगळ्यात आडमुठं : संदेश दाबतं आणि पसरवूनही टाकतं. म्हणून कॉर्टेक्सचा निदान ६ ते १० चौरस सेंटिमीटरचा, कित्येकदा त्याहून मोठा, तुकडा एका ठेक्यात चालला तरच वर काही उमटतं. दोन टाळकऱ्यांचा टाळ गावाबाहेर ऐकू येत नाही, अख्ख्या दिंडीचा येतो, तसंच हे.

या एका गोष्टीतून ईईजीच्या सगळ्या मर्यादा निघतात. कॉर्टेक्सचा जवळपास दोन-तृतीयांश भाग घड्यांच्या खाचांमध्ये दडलेला असतो. तिथले दांडे कवटीला समांतर आडवे पडतात आणि समोरासमोरच्या भिंती एकमेकांना खोडतात. स्मृती आणि भावनांशी जोडलेले हिप्पोकॅम्पस आणि अमिग्डाला टेम्पोरल लोबच्या, म्हणजे कानशिलामागच्या भागाच्या, आतल्या बाजूला, खोल. थॅलॅमस आणि बेसल गँग्लिया हे पेशींचे पुंजके त्याहून आत, शिवाय तिथल्या पेशी एका दिशेनं रचलेल्या नाहीत. लहान मेंदूची गंमत तर वेगळीच. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज न्यूरॉन असतात, त्यांतले ६९ अब्जांच्या आसपास एकट्या लहान मेंदूत. तरीही रोजच्या ईईजीत त्याचा मागमूस नसतो. चालताना तोल जातो म्हणून कुणी ईईजी लिहून दिला, तर त्यातून लहान मेंदूबद्दल काही कळायचं नाही.

सशांच्या आणि माकडांच्या मेंदूवर असे प्रवाह रिचर्ड केटन यांनी लिव्हरपूलला १८७५ मध्येच दाखवले होते. माणसाचा पहिला ईईजी हान्स बर्गर यांनी जर्मनीतल्या येना इथं १९२४ मध्ये घेतला, छापला मात्र १९२९ मध्ये. डोळे मिटल्यावर सेकंदाला दहाच्या आसपास लाटा येतात (याच अल्फा) आणि डोळे उघडले की त्या विरतात, हे त्यांनी दाखवलं. बरीच वर्षं कुणाचा विश्वास बसला नाही. केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी १९३४ मध्ये तोच प्रयोग करून दाखवल्यावर शंका मिटली. पण जो तो आपल्या सोयीनं इलेक्ट्रोड लावत होता, त्यामुळे एका ठिकाणचं रेकॉर्डिंग दुसऱ्या ठिकाणी ताडून बघता येईना. माँट्रियलच्या हर्बर्ट जॅस्पर यांनी १९५८ मध्ये टेन-ट्वेंटी पद्धत मांडली. आजही ईईजीच्या कोणत्याही खोलीत टेप घेऊन जे मोजलं जातं ते तेच.

तर मोजमाप. चार खुणा बोटानं चाचपून पक्क्या करायच्या. पहिली, नाक कपाळाला मिळतं ती खाच. दुसरी, डोक्याच्या मागं मधोमध, मानेच्या जरा वर हाडाचा उंचवटा लागतो ती. बायकांमध्ये आणि मुलांमध्ये हा उंचवटा पुसट असतो, अशा वेळी मान वरखाली करायला सांगून हाड कुठं संपतं आणि स्नायू कुठं सुरू होतो ते बघावं. तिसरी-चौथी, दोन्ही कानांच्या पुढचा खळगा. रुग्णाला तोंड उघड-मिट करायला सांगितलं की बोटाखाली तो बरोबर सापडतो.

समजा नाकाच्या खाचेपासून मागच्या उंचवट्यापर्यंतचं अंतर डोक्यावरून ३६ सेंटिमीटर भरलं. नाकापासून १० टक्के, म्हणजे ३.६ सेंटिमीटरवर पहिली खूण. तिथून पुढं २० टक्क्यांच्या टप्प्यानं, ७.२ सेंटिमीटरवर एकेक : एफझेड, सीझेड, पीझेड, मग ओझेड. शेवटी उंचवट्यापर्यंत पुन्हा ३.६ उरायला हवेत. उरले नाहीत तर टेप सरकली आहे, पुन्हा मोजा. आता एका कानापासून सीझेडवरून दुसऱ्या कानापर्यंत. ३४ सेंटिमीटर भरलं तर डाव्या कानापासून ३.४ वर टी३, तिथून ६.८ वर सी३, आणखी ६.८ वर सीझेड. ही सीझेड आणि आधीची सीझेड एकाच ठिपक्यावर यायला हवी. इथं घाई केली तर पुढची सगळी मापं तिरकी जातात.

मग घेर. पहिल्या खुणेवरून, टी३ आणि तिच्या समोरची उजवीकडची टी४ यांवरून आणि ओझेडवरून टेप फिरवायची. घेर ५४ सेंटिमीटर असेल तर मधल्या रेषेपासून डावीकडं ५ टक्के, म्हणजे २.७ सेंटिमीटरवर एफपी१. मग ५.४ च्या टप्प्यानं एफ७, टी३, टी५ आणि ओ१. ओ१ पासून ओझेड पुन्हा २.७ वर. उजवीकडंही तसंच. उरले एफ३, एफ४, पी३, पी४ : एफ३ ही एफझेड आणि एफ७ यांच्या बरोबर मध्ये, आणि एफपी१ ते सी३ या अंतराच्याही मध्ये. विषम आकडे डावीकडं, सम उजवीकडं, झेड मधोमध. डोक्यावर १९, कानांच्या पाळ्यांवर २, आणि एक ग्राउंड. नव्या मशिनवर टी३ ला टी७ आणि टी५ ला पी७ लिहिलेलं दिसेल, जागा त्याच.

कामाच्या खोलीत एवढं कोण करतं, असं म्हणणारे भेटतात. नजरेनं अंदाज घेऊन वायरी चिकटवल्या तरी लाटा दिसतातच, अडचण तीच आहे. दोन इलेक्ट्रोडमधलं अंतर कमी झालं की त्या चॅनेलची, म्हणजे त्या दोघांमधला फरक दाखवणाऱ्या रेघेची, लाट लहान दिसते. उजवीकडं अंतर बरोबर आणि डावीकडं सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर कमी पडलं, तर डावा अल्फा बुटका दिसतो आणि रिपोर्टात डाव्या मेंदूत दोष असल्याची शंका लिहिली जाते. उजवा अल्फा मुळातच थोडा उंच असतो, ते नैसर्गिक आहे. एक बाजू दुसरीच्या निम्म्याहूनही कमी भरली तर लक्ष द्यायचं, पण त्याआधी टेप घेऊन पुन्हा मोजायचं. अंबाडा, घट्ट वेणी, पिना, सगळं सोडून मगच मापं घ्यावीत. तयार टोप्या मिळतात, अतिदक्षता विभागात घाईच्या वेळी त्या सोयीच्या आहेत. डोक्याचा आकार मात्र टोपीच्या कारखान्याला विचारून ठरत नाही.

टेपनं नेमलेल्या या जागांखाली काय आहे, हे मनात हवं. ओ१-ओ२ च्या खाली दृष्टीचा भाग. सी३-सी४ साधारण त्या खाचेवर, जिच्या पुढच्या कडेनं हाताची हालचाल चालते आणि मागच्या कडेला हाताचा स्पर्श कळतो. एफ७ फ्रंटल, म्हणजे कपाळामागच्या भागाचा, म्हणून लावतात खरं, पण टेम्पोरल लोबच्या पुढच्या टोकाची लाटही तिथंच उमटते. टेम्पोरल फिट्सची शंका असेल तर दोन जादा इलेक्ट्रोड लावावेत, टी१ आणि टी२. कानाच्या भोकापासून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत रेघ धरा, कानाकडून एक-तृतीयांश अंतर मोजा आणि तिथून एक सेंटिमीटर वर. दोन मिनिटांचं काम आहे आणि एरवी निसटलेलं काही हाती लागण्याची शक्यता त्यानं खरोखर वाढते. तरी फॉर्मवर कुणी लिहिल्याशिवाय ते लागत नाहीत, हे काही बरं नाही.

आता कातडी. आपल्याकडं डोक्यावर खोबरेल असणारच. तेलाच्या थराखाली पेस्ट पकडत नाही आणि विद्युतरोध वाढतो. आदल्या रात्री शाम्पूनं धुवा, कंडिशनर नको, सकाळी तेल नको, एवढं अपॉइंटमेंट देतानाच सांगायचं. तरीही तेल लावून आलेच तर खोलीतच केस धुवायची सोय हवी, स्पिरिटचा बोळा फिरवून भागत नाही.

काडीनं केस दुभंगायचे, कापसाच्या काडीवर खरखरीत जेल घेऊन त्या ठिपक्यापुरतंच हलक्या हातानं घासायचं. मेलेल्या कातडीचा वरचा थर तेवढा निघावा, लाली येईपर्यंत रगडायचं नाही. साधारण एक सेंटिमीटर व्यासाची चांदीची किंवा सोन्याचा मुलामा दिलेली वाटी पेस्टनं शिगोशीग भरून टेकवायची, वर गॉजचा तुकडा दाबायचा. रोध ५ किलोओहमच्या आत आणायचा. सगळ्या इलेक्ट्रोडचे आकडे एकमेकांच्या जवळपास असणं त्याहून महत्त्वाचं. मशीन दोन इलेक्ट्रोडमधला फरक मोजतं, दोन्हीकडं सारखीच येणारी घरगुती विजेची घरघर वजा होऊन जाते. एकीकडं २ आणि दुसरीकडं २० किलोओहम असेल तर ही वजाबाकी बिघडते आणि पानभर ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० लाटांची, दाट काळी पट्टी येते.

रोध फारच कमी आला तर हुरळून जाऊ नये. १०० ओहमच्या खाली आकडा गेला तर बहुतेक वेळा पेस्ट पसरून शेजारच्या वाटीला जाऊन मिळालेली असते. मग दोन इलेक्ट्रोड मिळून एकच होतात आणि त्यांच्यामधलं चॅनेल सपाट पडतं. शिकाऊ डोळ्याला वाटतं, मेंदूचा तो भाग बंद पडलाय. तिथं जास्त पेस्ट घालू नये. पुसून, कोरडं करून, नव्यानं लावावं.

तयारीबद्दल घरच्यांना दोनच गोष्टी ठासून सांगायच्या : उपाशी आणू नका, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितल्याशिवाय फिटच्या गोळ्या बंद करू नका. रक्तातली साखर उतरली की लाटा मंदावतात आणि रिपोर्ट उगीच बिघडतो. गोळी चुकवली तर खोलीतच मोठी फिट येऊ शकते. झोपेचा ईईजी असेल तर मोठ्या माणसानं रात्री चारेक तासच झोपावं, सकाळी चहा-कॉफी टाळावी आणि येताना स्वतः गाडी चालवू नये. मुलाला झोपेचं औषध दिलं असेल तर त्याचं नाव आणि वेळ नोंदवायची. क्लोनाझेपामच्या कुळातल्या औषधांनी लाटा वेगवान होतात आणि हवे ते स्पाइक्स, म्हणजे फिटकडं बोट दाखवणाऱ्या टोकदार लाटा, दबूही शकतात.

रेकॉर्डिंग निदान २० मिनिटांचं स्वच्छ हवं, ३० मिळालं तर उत्तम. स्क्रीनवर एका वेळी १० सेकंद, संवेदनशीलता ७ मायक्रोव्होल्टला एक मिलिमीटर, खालचा फिल्टर १ हर्ट्झच्या वर न्यायचा नाही, वरचा ७० च्या खाली आणायचा नाही. ५० हर्ट्झचा नॉच फिल्टर, म्हणजे नेमका विजेचा तेवढाच ठेका गाळणारा, अगदी शेवटचा उपाय. बटण दाबून पट्टी जाते, पण सुटलेला इलेक्ट्रोडही त्याआड लपतो. त्याआधी बेडजवळचा मोबाइल चार्जर काढा, एक्स्टेन्शन बोर्ड लांब करा, अर्थिंग तपासा.

डोळे मिटवून आणि उघडायला लावून सुरुवात करायची. जागेपणी, डोळे मिटून, मोठ्या माणसाचा अल्फा ८ ते १३ हर्ट्झ, डोक्याच्या मागच्या बाजूला. मुलांमध्ये तीन वर्षांच्या आसपास तो ८ ला पोचतो. डोळे मिटल्याच्या पहिल्या सेकंदाला मोजू नये, त्या क्षणी तो जरा वेगानं धावतो. माणूस पेंगायला लागल्यावरही मोजू नये, तेव्हा तो मंदावून विरतो. एवढं सांभाळूनही ८ च्या खाली राहिला तर मात्र काहीतरी आहे.

सी३-सी४ वर कधी कमानीसारख्या ७ ते ११ हर्ट्झच्या लाटा दिसतात आणि त्या डोळे उघडूनही जात नाहीत. हा म्यू. रुग्णाला उजवी मूठ वळायला सांगा, सी३ वरचा जाईल. नुसता मूठ वळायचा विचार करायला सांगितला तरी पुष्कळदा जातो. डावी मूठ, सी४. मेंदूचा डावा अर्धा भाग उजव्या हाताचं बघतो, हे पुस्तकातलं वाक्य इथं स्क्रीनवर डोळ्यांदेखत घडतं. टेक्निशियननं ते तपासून नोंद केली नाही, तर वाचणारा त्या टोकदार कमानींना फिटची लाट समजू शकतो.

मग खोल श्वास. तीन मिनिटं, शून्यात बघत थांबणाऱ्या मुलांमध्ये पाच. लहान मुलाच्या हातात कागदी भिरभिरं द्यावं, समजावून सांगावं लागत नाही. जोरात श्वासानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूच्या धमन्या आकसतात आणि लाटा मंद, उंच होतात. मुलांमध्ये हे अगदी नेहमीचं, थांबल्यावर मिनिटभरात सावरतं. अब्सेन्स प्रकारची, म्हणजे शून्यात बघत थांबण्याची, फिट असेल तर भिरभिरं मध्येच थांबतं आणि पानभर सेकंदाला तीनच्या ठेक्यात स्पाइक आणि लाट, स्पाइक आणि लाट. हा नमुना १९३५ मध्ये गिब्ज, डेव्हिस आणि लेनॉक्स यांनी दाखवला. तो सुरू झाल्या झाल्या एखादा शब्द मोठ्यानं म्हणायचा, ‘आंबा’ म्हणा, आणि मूल भानावर आल्यावर काय ऐकलं ते विचारायचं. आठवत नसेल तर तेवढा वेळ शुद्ध गेली होती, हे त्याच पानावर लिहून ठेवायचं. डॉक्टरला नुसत्या लाटेपेक्षा या नोंदीचा उपयोग जास्त.

खोल श्वास सगळ्यांना चालत नाही. नुकताच झालेला पक्षाघात किंवा मेंदूतला रक्तस्राव, हृदयाचा वा फुप्फुसाचा गंभीर आजार, मोयामोया (मेंदूच्या धमन्या अरुंद होत जाण्याचा आजार) आणि सिकलसेल (तांबड्या पेशी विळ्यासारख्या होण्याचा आजार), यांत करायचा नाही. विदर्भातल्या किंवा नंदुरबारकडच्या केंद्रात सिकलसेलचा प्रश्न प्रत्येक रुग्णाला विचारायलाच हवा, तिथल्या आदिवासी वस्त्यांत तो आजार बराच आहे. धमन्या आकसल्यावर अशा मुलाला खोलीतच पक्षाघाताचा झटका येण्याचा धोका असतो.

लुकलुकणारा दिवा डोळ्यांपासून ३० सेंटिमीटरवर. त्याच्या ठेक्याबरोबर ओ१-ओ२ वर लाटा उठणं हे साधं. सगळ्या डोक्यावर स्पाइक्स पसरले तर दिवा तिथल्या तिथं बंद करायचा, पुढची पायरी बघायची हौस नको. झोप लागली की मधल्या रेषेवर टोकदार लाटा आणि मग स्पिंडल, म्हणजे लाटांचे छोटे झुबके, येतात, १२ ते १४ हर्ट्झच्या आसपासचे. त्यांचा ठेका धरला जातो थॅलॅमसमध्ये. थॅलॅमस थेट कधीच दिसत नाही, पण त्यानं कॉर्टेक्सला धरायला लावलेला ताल असा दिसतो.

कागदावर जे येतं त्यात मेंदूखेरीजचं बरंच असतं. डोळ्याचं बुबुळ पडद्याच्या मानानं धन असतं आणि पापणी मिटताना डोळा वर फिरतो, म्हणून एफपी१-एफपी२ वर दर वेळी मोठा खड्डा. जबडा आवळला की टी३-टी४ वर दाट केस उभे राहिल्यासारखी रेघ, ‘तोंड जरा उघडं ठेवा’ म्हटलं की जाते. घामानं पानभर संथ हेलकावे, त्यावर एसी किंवा पंखा. पण पंख्याचा झोत वायरींवर नको, वायर हलली की नवीनच लाट. जिभेचं टोक ऋण असतं, त्यामुळे बोलताना, गिळताना पुढच्या भागात डेल्टा, म्हणजे संथ लाट, येतो. शंका आली तर ‘ला ला ला’ म्हणायला लावून तसाच येतो का बघावं. एकाच इलेक्ट्रोडवर अचानक उभी ठिणगी आणि शेजारी काहीच नाही, तर तो इलेक्ट्रोड सुटलाय. मेंदूची लाट शेजाऱ्यांपर्यंत थोडीतरी पसरतेच.

खऱ्या स्पाइकची जागा कशी काढतात ते एकदा हातानं करून बघण्यासारखं आहे. डावीकडची साखळी घ्या : एफपी१-एफ७, एफ७-टी३, टी३-टी५, टी५-ओ१. प्रत्येक चॅनेलमध्ये पहिल्यातून दुसरा वजा, आणि पहिला जास्त ऋण असेल तर रेघ वर जाते. आता टी३ खाली ऋण स्पाइक उठला. एफ७-टी३ मध्ये टी३ दुसऱ्या जागी, म्हणून रेघ खाली. टी३-टी५ मध्ये तोच पहिल्या जागी, म्हणून रेघ वर. दोन टोकं एकमेकांकडं तोंड करतात, आणि दोन्ही चॅनेलमध्ये सामाईक जो इलेक्ट्रोड तीच जागा. ही टी३ टेपनं नेमकी टी३ वर असेल तरच त्या जागेला अर्थ. स्पाइकचा कालावधी २० ते ७० मिलिसेकंद, ७० ते २०० असेल तर शार्प वेव्ह, आणि मागून संथ लाट. टोक दिसलं पण पार्श्वभूमी जशीच्या तशी चालू राहिली, तर हात आखडता घ्यावा.

जास्त वाचण्याची चूक कमी वाचण्यापेक्षा महाग पडते, असं माझं ठाम मत आहे. पेंगताना टेम्पोरल भागात येणाऱ्या कमानीसारख्या ‘विकेट’ लाटा, झोपेतले बारके स्पाइक्स, हे निरोगी माणसांतही सापडतात. चक्कर येऊन पडलेल्या माणसाच्या अशा ईईजीवर ‘अपस्मार’ शिक्का बसला की वर्षानुवर्षं गोळ्या, आणि ड्रायव्हिंग लायसन्सपासून लग्नापर्यंत सगळीकडं अडथळे. कवटीचं ऑपरेशन झालेल्यांमध्ये तर हाडाच्या भोकावर लाटा उंच आणि टोकदारच दिसणार. टेक्निशियननं व्रण बघून चित्रावर खूण केली नाही तर वाचणाऱ्याला ते कळायला मार्ग नाही.

उलट बाजूही आहे. अपस्मार असलेल्यांपैकी साधारण निम्म्यांच्याच पहिल्या ईईजीत काही सापडतं. पुन्हापुन्हा, झोपेसह केला तर हे प्रमाण ८० टक्क्यांच्या पुढं जातं. हिप्पोकॅम्पसमधला स्पाइक तिथंच जिरला तर वर येतच नाही. फ्रंटल लोबच्या आतल्या पृष्ठभागावरून निघणाऱ्या फिट्स तर विचित्रच : रात्री किंचाळणं, सायकल चालवल्यासारखे पाय मारणं, अर्ध्या मिनिटात शुद्धीवर. त्या वेळी घेतलेल्या ईईजीतही स्नायूंच्या गोंगाटात पुष्कळदा काही दिसत नाही, आणि घरात ‘अंगात आलं’ म्हणून ठरतं. मोबाइलवर काढलेला व्हिडिओ, चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असा, इथं पुष्कळ मदत करतो.

खोलातलं बघायचं काम एमआरआयचं, पण तोही फिटसाठीचा हवा. नेहमीच्या ५ मिलिमीटर जाडीच्या आडव्या कापांत खराब झालेला हिप्पोकॅम्पस निसटू शकतो. त्याच्या लांबीला काटकोनात, ३ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ काप घेतले की तो आकसलेला, टी२ आणि फ्लेअर या एमआरआयच्या चित्रप्रकारांत (हा टी२ इलेक्ट्रोड नव्हे) उजळ दिसतो. आपल्याकडं डुकराच्या टेपवर्मच्या अंड्यांमुळे होणाऱ्या गाठीही फिटचं नेहमीचं कारण आहेत. दोन सेंटिमीटरहून लहान कडं, आत कधी एक ठिपका. गाठ असूनही ईईजी साफ असू शकतो. फंक्शनल एमआरआयची रंगीत चित्रं छान दिसतात, पण ती रक्तातल्या ऑक्सिजनवरून काढलेली असतात आणि रक्त पाच-सहा सेकंद उशिरा पोचतं. ऑपरेशनआधी भाषेची जागा ठरवायला ती ठीक, ७० मिलिसेकंदांचा स्पाइक पकडायला नाहीत. शस्त्रक्रियेचा विचार असेल आणि बाहेरून जागा ठरत नसेल, तर ०.८ मिलिमीटर जाडीचे इलेक्ट्रोड हाडाला बारीक भोकं पाडून थेट हिप्पोकॅम्पसपर्यंत नेतात.

ईईजी संपला की वाट्या कोमट पाण्यानं सोडवायच्या, ओढायच्या नाहीत. त्याआधी रोध एकदा पुन्हा तपासून नोंदवायचा. फॉर्मवर शेवटची फिट कधी आली, शेवटची गोळी किती वाजता घेतली, रात्री किती तास झोप झाली, हे भरलेलं असावं. आणि घरच्यांनी रिपोर्टच्या पीडीएफवर समाधान मानू नये. मूळ रेकॉर्डिंग ईडीएफ फाइलमध्ये (यात लाटा जशाच्या तशा साठवलेल्या असतात), व्हिडिओ असेल तर त्यासह, पेन ड्राइव्हवर मागून घ्यावं. छापील पानावरची साखळी बदलता येत नाही, फिल्टर काढता येत नाही. दुसऱ्या डॉक्टरांना शंका आली तर ते फाइल उघडून टी३ ची जागा स्वतः तपासू शकतात, पीडीएफवरून नाही.